सतरा आणि बेचाळीस

माझ्या चुलत भावाचं नाव मी अकरा वर्षांत उच्चारलेलं नाही. तशी त्याचीच ताकीद आहे. भरल्या मांडवात, दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर तो म्हणाला होता, "याच्या तोंडातून माझं नाव पुन्हा निघालं न्हाई पायजे." तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे आणि मोठ्यांचा शब्द मी मोडत नाही, खास करून तो मला सोयीचा असेल तेव्हा.

झालं होतं असं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, पण माझा खरा जीव माइकमध्ये. आमच्या जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या आसपासच्या दहा-बारा गावांत लग्न असलं की नवरदेव ठरण्याच्या आधी माइकवर कोण हे ठरतं, आणि तिथं मी असतो. त्या दिवशी लग्न आमच्याच भावकीतलं होतं. अक्षतांच्या आधी मानाच्या मंडळींचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार असतो. यादी माझ्या हातात. तिसरं नाव या भावाचं. दुसरं नाव पुकारलं तेव्हाच तो उठला, सदरा खाली ओढला, स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि चेहऱ्यावर हसू तयार करून उभा राहिला. मी चौथं नाव पुकारलं. मग पाचवं. कीटकनाशकाच्या दुकानदाराचा सत्कार झाला, मंडपवाल्याचा झाला, आणि हा एक पाय पायरीवर ठेवून यादी संपेपर्यंत तसाच उभा.

नजरचुकीनं राहिलं, असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. पुढं अकरा वर्षं तेच सांगत आलो. खरं काय ते त्या यादीला आणि मला माहीत.

आमच्याकडे अबोला धरला म्हणजे माणसं दूर गेली असं समजू नका. परगावचे लोक इथंच फसतात. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या वाटेवर आम्ही जास्त असतो. तो ज्या तेराव्याला गेला तिथं मला जावंच लागतं, नाहीतर लोक म्हणणार, हा घाबरला. मी ज्या ग्रामसभेत बसलो तिथं तो शेवटच्या रांगेत का होईना, पण येणारच. पंगतीत एकमेकांच्या समोर बसायचं, दोघांनी दोनदा भात घ्यायचा, आणि एक शब्द बोलायचा नाही. मित्राच्या घरचं कार्य एखादवेळी चुकतं, वैऱ्याच्या घरचं चुकून चालत नाही. घरातल्या बाकीच्यांना या अबोल्यातून सूट असते. माझी बायको त्याच्या घरी कुरडया करायला जाते, त्याची मुलगी माझ्याकडे चहा पिते.

ही मुलगी म्हणजे या गोष्टीतलं खरं माणूस. वय एकतीस. जालन्याच्या एका कॉलेजात तासाप्रमाणे शिकवते, म्हणजे तास झाला तर पगार, सुटी पडली तर नाही. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी. तिचा विषय होता, खेड्यातली माणसं मोबाइलवर एकमेकांशी कशी बोलतात आणि त्यातून त्यांचं नातं कसं दिसतं. तिच्या बापाचं यावर एकच मत होतं, "चॅटिंगवर पीएचडी. उद्या झोपेवर काढतील." सहा वर्षं ती यात होती. दोनदा मुदत वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. शेवटचं सादरीकरण बाहेरच्या तज्ज्ञापुढं व्हायचं. तो "हो" म्हणाला तर प्रबंध पुढं जाणार, "नाही" म्हणाला तर सहा वर्षं पाण्यात.

ती आधी माझ्याकडे आली, कारण गावाच्या मोबाइल ग्रुपचा चालक मी. गावातल्या प्रत्येक घराचा एक तरी नंबर त्यात आहे.

"काका, ग्रुपचं सगळं बाड पायजे मला. सुरुवातीपासूनचं."

"सगळं? अगं माय, त्यात निम्मे गुलाब आहेत आणि निम्म्या समया."

"असू द्या."

तिची पद्धत मात्र चोख. आधी ग्रुपवर आठ दिवस सूचना लावली, ज्याला यात यायचं नाही त्यानं सांगावं. दोघांनी सांगितलं, त्यांचं सगळं काढलं. मग तिनं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, हे बटण तुम्ही दाबा. मी दाबलं. गावातल्या प्रत्येक नावाचा एक आकडा झाला. कुठला आकडा कोण, याची यादी छापून तिनं न बघता पालथी घातली आणि माझ्या हातात दिली.

"ही मला पण दाखवायची न्हाई. मी कितीबी गळ घातली तरी."

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो. यादी मी कपाटात निकालपत्रकांच्या खाली ठेवली. गावाची गुपितं कुलपात, किल्ली माझ्या खिशात. इतकं सुख मला कुठल्याच लग्नाच्या माइकनं दिलं नव्हतं.

दुसरं नवल पुढंच होतं. तिनं सगळ्यांचं बोलणंच पुसून टाकलं. कुणी काय लिहिलं ते तिला नको होतं, फक्त कोणत्या आकड्यानं किती वाजता काहीतरी टाकलं तेवढं हवं होतं.

"मंग आमचं बोलणं वाया गेलं म्हण की."

"वाचलं असतं तर मला गावात परत येता आलं असतं का?"

कोण कुणाला उत्तर देतं हे त्या बाडातून कळत नाही, म्हणून तिनं एक नियम केला होता. एकानं काही टाकलं आणि पाच मिनिटांच्या आत दुसऱ्यानं टाकलं, तर दुसऱ्यानं पहिल्याला प्रतिसाद दिला असं धरायचं. असं जितक्यांदा होईल तितकी त्या दोघांमधली रेघ जाड होणार. हजारो निरोपांतून मशीननं गावाचा नकाशा काढला. माणसं म्हणजे ठिपके आणि त्यांच्यात रेघा.

तो नकाशा घेऊन ती एका दुपारी आली आणि माझ्या ओट्यावर पसरून बसली. मी मन लावून पाहिला. मध्यभागी एक भला मोठा ठिपका होता. तो कोण हे मला यादीशिवाय कळलं. तो गिरणीवाला. लाइट आली की तो ग्रुपवर "आली" एवढंच टाकतो आणि मागून अख्खं गाव काहीबाही टाकतं. सरपंचाचा ठिपका मात्र कुठं दिसेना, तेही बराबरच होतं. मला मशीनचं कौतुक वाटायला लागलं.

"आणि हे बघा," तिनं बोट ठेवलं. "सतरा आणि बेचाळीस. इतकी जाड रेघ सगळ्या गावात दुसरी न्हाई. एकानं टाकलं की दुसरा मिनिटाच्या आत हजर. सकाळ न्हाई, दुपार न्हाई. वर्षानुवर्षं."

"कोण असतील?"

"जिवलग मित्र असतील. न्हाईतर नवरा-बायको. माझं शेवटचं प्रकरण याच रेघेवर आहे काका. गावातला जिव्हाळा अजून कुठं टिकून आहे, ते यातून दिसतं."

ती गेल्यावर मी कपाट उघडलं. सतरा मी होतो. बेचाळीस तिचा बाप.

मी निकालपत्रकांवर डोकं ठेवून हसलो. बायको आतून आली. "काय झालं?" "शाळेचा निकाल चांगला लागला," मी म्हणालो. "तुमच्या शाळेचा?" असं म्हणून ती परत आत गेली.

ती रेघ कशी जाड झाली हे आता सांगायला हवं. ग्रुप निघाला त्या पहिल्याच आठवड्यात मी गणपतीचं चित्र टाकलं, आणि त्यावर लगेच याचं ट्रॅक्टरचं चित्र आलं. मी ओळखलं. माझा शब्द ग्रुपवर शेवटचा राहू द्यायचा नाही, त्याच्या डोक्यावर आपलं काहीतरी बसवायचं, असा त्याचा डाव. मग मीही तेच धरलं. त्यानं मिरचीचा भाव टाकला की मी सुविचार टाकायचा. मी जनावरांच्या लसीची सूचना टाकली की तो हात जोडलेलं चित्र टाकायचा, जणू सूचना त्यानंच दिली. कुणाच्या निधनाची बातमी मी आधी दिली तर त्याची श्रद्धांजली अर्ध्या मिनिटात. पाहणाऱ्याला वाटावं, या दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही. मशीनला तेच वाटलं.

आठ दिवस मी गप्प बसून ही मेजवानी चाखली. डोळ्यांपुढं सादरीकरण दिसायचं. समोर मोठमोठे प्राध्यापक, मागच्या बाकावर हा पांढरा सदरा घालून बसलेला, आणि याचीच पोरगी भिंतीवर नकाशा दाखवून सांगते, हे पाहा जिवाचे मैत्र. मग कधीतरी कुणीतरी विचारणार, हे दोघं कोण. मी वर्गात शिकवता शिकवता मधेच हसायचो. पोरं एकमेकांकडे बघायची.

नवव्या दिवशी सकाळी दाढी करताना दुसरंच डोक्यात आलं. या प्रबंधाचं काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक होणार. ते कुठल्यातरी ग्रंथालयात राहणार. मी जाईन, तो जाईल, पण पुस्तकात कायमचं लिहिलेलं राहणार की सतरा आणि बेचाळीस यांच्यात गावात सर्वांत जास्त जिव्हाळा होता. इतकी वर्षं मी एक दिवस न चुकवता जे पाळलं, त्याची नोंद प्रेम म्हणून होणार. मला ब्लेड लागलं.

पोरीचंही आठवलं, नाही असं नाही. पण आधी काय आठवलं ते मी सांगितलं.

त्याच दुपारी ती सहीसाठी आली. ग्रुपचा चालक म्हणून मी संमती दिली, असं पत्र हवं होतं. मी सही केली आणि म्हणालो, "यादी तुला दाखवायची न्हाई. न्हाईच दाखवत. तू फक्त इथं ओट्यावर बस आणि समोर बघ."

माझ्या ओट्यावरून तिच्या बापाचं शेडनेट, म्हणजे जाळीनं झाकलेलं शेत, दिसतं. त्यात तो बियाण्याच्या कंपनीसाठी मिरचीचा प्लॉट घेतो. आत उकाडा इतका की घामेजल्या बोटानं मोबाइल चालत नाही, त्यामुळे काही टाकायचं असलं की त्याला बाहेर यावं लागतं. मी ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकलं, शुभ दुपार.

शेडनेटचं दार बाजूला झालं. तो बाहेर आला, हात सदऱ्याला पुसले, मोबाइल तोंडाजवळ धरून काहीतरी केलं आणि आत गेला. माझ्या मोबाइलवर वाजलं. मिरचीच्या रोपाचा फोटो.

"आप्पा," ती म्हणाली. तिला अजून उलगडलं नव्हतं.

मी शाळेच्या पालकसभेची सूचना टाकली. दार बाजूला झालं. तो बाहेर आला, हात पुसले. या वेळी मारुतीचं चित्र.

ती उठून ओट्याच्या कडेला गेली. थोडा वेळ तिकडं बघत राहिली. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "आता काहीच टाकू नका. मी सांगेपर्यंत."

आम्ही वाट बघत राहिलो. शेडनेटच्या दारात एक कुत्रं येऊन झोपलं. तो बाहेर आला नाही. बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, "टाका." मी नुसता एक अंगठा टाकला. कुत्रं उठलं, कारण दार त्याच्या अंगावर आलं होतं.

ती परत येऊन बसली आणि नकाशाची घडी घालायला लागली. घडी नीट बसेना.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"आठ दिवस."

"आठ दिवस मी त्या रेघेवर पानं लिहून राह्यले, आणि तुम्ही मजा बघून राह्यले."

"तू विचारलं न्हाई."

"मी विचारायचं न्हाई असंच ठरलं होतं ना काका." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बारा दिवस राहिलेत माझे. तुमच्या दोघांच्या खोडीपायी गावाचा अख्खा नकाशा उलटा झाला. आणखी किती रेघा अशा असतील?"

"भावकी मोठी आहे," मी म्हणालो. "असतील."

ती उठली ती सरळ शेडनेटकडे गेली. काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही, पण प्लॉटवरच्या बाया काम सोडून बाहेर येऊन उभ्या राहिल्या एवढं दिसलं. पुढचे दोन तास ग्रुपवर त्याचं काहीच आलं नाही.

पण पोरगी रडत बसणारी नव्हती. तिनं त्याच रात्रीपासून प्रकरण उलटं करून लिहायला घेतलं. रेघ जाड आहे याचा अर्थ दोघं एकमेकांवर नजर ठेवून आहेत एवढाच. ती नजर मायेची की वैराची, हे मशीन सांगू शकत नाही, त्या माणसांनाच विचारावं लागतं. म्हणून तिला जबान्या हव्या होत्या. नाव न घालता, फक्त आकडा. आकडा ज्याचा त्यालाच मी कानात सांगायचा, आणि त्यानं जबानी लिहून तिनं ठेवलेल्या पेटीत टाकायची.

तिच्या बापाला आकडा मी कसा सांगणार? चिठ्ठीवर ४२ लिहून माझ्या बायकोबरोबर पाठवला. तो म्हणाला म्हणे, "त्यानं लिहून दिलं का? किती पानं?" बायको म्हणाली, चार. त्यानं पाच दिली.

माझी चार पानं मी झोकात लिहिली होती. कोण कसा मागं मागं येतो, ट्रॅक्टर, मारुती, सगळं. मांडवातल्या प्रसंगाबद्दल एक ओळ घातली, "सत्काराच्या यादीतलं एक नाव नजरचुकीनं राहिलं, तेव्हापासून समोरच्याच्या मनात अढी." हात सवयीनंच लिहून गेला.

सादरीकरणाला जालन्याला जायला आमच्याकडून सकाळी एकच बस. तो ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, मी शेवटच्या बाकावर. मधली सगळी बस रिकामी असूनही कुणी मधे बसेना. कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, पुढं या की." मी म्हणालो, "इथंच बरं आहे, मागून सगळं दिसतं." पुढून आवाज आला, कंडक्टरलाच उद्देशून, "काही लोकांना मागूनच बघायची सवय असते."

कॉलेजच्या सभागृहात पंधरा-वीस माणसं होती. तज्ज्ञ बाहेरून आलेले, बारीक अंगाचे, बोलताना चष्म्याच्या काड्या मिटायचे आणि उघडायचे. पोरीनं अर्धा तास चांगलं मांडलं. नकाशा भिंतीवर पडला. सतरा आणि बेचाळीसमधली ती जाड रेघ तिनं आता लाल केली होती.

तज्ज्ञांनी चष्मा मिटला. "मशीनने एक सांगितलं, तुम्ही बरोबर त्याच्या उलट लिहिलंत. उद्या कोणी तिसरंच लिहील. मग मशीन कशाला हवं होतं?"

"मशीननं फक्त हे दोघं एकमेकांच्या मागं लगेच बोलतात एवढं सांगितलं सर," ती म्हणाली. "जिव्हाळा त्यात मी घातला होता. ती माझी चूक होती, पहिल्या मसुद्यात आहे."

"आणि आता वैर घातलंत."

"ते मी न्हाई घातलं. त्यांनी लिहून दिलंय."

"कोणी?"

"ते मला सांगता येणार न्हाई. मलाही माहीत नाही असं धरा."

"म्हणजे कोण ते सांगणार नाही, पण मी विश्वास ठेवायचा." त्यांनी आजूबाजूला पाहून थोडं हसून घेतलं. शेजारचे दोन प्राध्यापकही कर्तव्य म्हणून हसले.

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बेचाळीस मी आहे," तो म्हणाला. पांढरा सदरा खाली ओढत उभा होता, अगदी मांडवातल्यासारखा.

आता मी बसून राहिलो असतो तर तो एकटा उभा राहिला असता, आणि ते मला कसं चाललं असतं? मी उठलो. "सतरा."

तज्ज्ञांना मजा वाटायला लागली. "तुम्ही एकाच गावचे?"

"एकाच आज्याचे," मी म्हणालो.

"आज एकत्र आलात?"

"दुसरी बस न्हाई," तो म्हणाला.

"म्हणजे मशीन बरोबरच आहे. तुम्ही सतत एकत्र असता."

"सर," तो म्हणाला, "मांजर बिळापाशी दिवसभर बसतं. ते उंदराला भेटायला न्हाई बसत."

सभागृह हसलं. मला ते फार लागलं. इतकं चांगलं वाक्य, आणि ते माझ्या तोंडी नव्हतं.

तज्ज्ञ मात्र हसले नाहीत. त्यांनी भांडणाचं मूळ विचारलं. त्यानं मांडवाची गोष्ट सांगितली, पायरीवरच्या पायासकट. तज्ज्ञांनी प्रबंधाची पानं उलटून माझी जबानी काढली आणि मोठ्यानं वाचली. "नजरचुकीनं राहिलं." मग चष्मा उघडून पोरीकडे पाहिलं. "इथेच तुमचं प्रकरण कोसळतं. सतरा क्रमांकाकडून चूक झाली. बेचाळीस क्रमांकाने लिहिलंय, तो रोज फुलं पाठवतो, सुविचार पाठवतो. मला तर ही समजूत काढण्याची धडपड दिसते. एका बाजूने रुसवा आणि दुसऱ्या बाजूने मनधरणी. याला वैर म्हणत नाहीत. तुम्ही पुन्हा एकदा मशीनवर आपला अर्थ लादला. हे मी पुढे पाठवू शकत नाही."

मनधरणी. माझी.

पोरगी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. ओट्याच्या कडेला उभी राहून ती शेडनेटकडे बघत होती, तसंच बघत होती. आता दार हलतं का नाही.

मी आयुष्यभर माइकवर बोललो, पण त्या दिवशी समोर माइक नव्हता आणि आवाज मला वेगळाच लागला. "चुकून न्हाई राहिलं सर," मी म्हणालो. "यादीत नाव तिसरं होतं. मी वाचलं. पाय पायरीवर ठेवलेला पण पाहिला. आणि गाळलं."

"का?"

"लग्नाच्या दोन दिवस आधी पारावर हे म्हणाले होते, याच्या हातात माइक नसला तर याला कुत्रं विचारत न्हाई. पंचवीस माणसं हसली होती. मला वाटलं, माइक हातात असला की काय होतं ते यांना कळावं."

"आणि ती फुलं?"

"यांच्या डोक्यावर बसवायला. एकबी फूल मनापासून न्हाई."

मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, पण इतक्या वर्षांची सवय, नजर गेलीच. तो माझ्याकडे बघत नव्हता. हातातल्या मोबाइलकडे बघत होता.

तज्ज्ञांनी प्रबंधाच्या कडेला काहीतरी लिहिलं. "सतरा क्रमांकाची जबानी बदलून घ्या," ते पोरीला म्हणाले. "खोटी जबानी जोडून प्रबंध सादर करता येत नाही. तेवढी दुरुस्ती झाली की माझी हरकत नाही."

ती खाली उतरली. आधी बापाच्या पाया पडली, मग माझ्या. पाया पडता पडता हळूच म्हणाली, "काका, माझी सहा वर्षं एका ओळीवर लटकवली होती तुम्ही. आता चार पानं परत लिहा. या वेळी खरी."

परतीच्या बसमध्ये पुन्हा तो पुढं, मी मागं. घाटावरच्या फाट्याला बस थांबली तेव्हा तो कंडक्टरला सांगत होता, "अकरा वर्षं लोक मला म्हणायचे, अरे राहिलं असंल चुकून, काय धरून बसला. बायकोबी तेच म्हणायची. मी म्हणायचो, न्हाई, मी त्याचे डोळे पाह्यले." कंडक्टरला काय कळणार. त्यानं विचारलं, "सुटे आहेत का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ग्रुपवर एक आवाज आला. बरोबर बोलायचं तर माझाच आवाज. "चुकून न्हाई राहिलं सर. यादीत नाव तिसरं होतं." सभागृहात त्यानं मोबाइल चालू ठेवला होता. अख्ख्या गावानं चहाबरोबर ऐकलं. ग्रुपचा चालक म्हणून मला ते पुसता आलं असतं. पुसलं नाही. पुसलं असतं तर मी घाबरलो असं झालं असतं, आणि तोही एक सत्कार त्याच्या पदरात पडला असता.

आता लग्नघरचे लोक यादी माझ्या हातात देत नाहीत. एकजण शेजारी उभा राहतो, यादी त्याच्याकडे, आणि तो एकेक नाव माझ्या कानात सांगतो. मी पुकारतो. मधे एखादं गाळायची सोय राहिली नाही.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. त्या सकाळी त्यानं टाकलेल्या आवाजावर काहीतरी बसवायलाच हवं होतं. मी पोरीचं अभिनंदन लिहिलं, फुलांचा गुच्छ जोडला आणि टाकलं. टाकून ओट्यावर बसलो. एक मिनिट गेलं. दोन गेली. शेडनेटचं दार हलेना. तीन, चार. मी मोबाइलला रेंज आहे का ते पाहिलं. त्यानं सोडूनच दिलं की काय? पाच मिनिटं झाली. तेवढ्यात दार बाजूला झालं. तो बाहेर आला, हात पुसले, पण मोबाइल काढला नाही. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. सहावं मिनिट पुरं झालं, आणि मग त्याचं ट्रॅक्टरचं चित्र आलं.

मला समजायला वेळ लागला नाही. मुलीचा नियम त्यानं नीट ऐकून ठेवला होता. पाच मिनिटांच्या आत आलं तर मशीन रेघ ओढतं. पुढं आलं तर ओढत नाही. त्याला माझ्या डोक्यावर तर बसायचं होतं, पण माझ्याशी रेघेनं जोडलेलं राहायचं नव्हतं.

आज सकाळी त्यानं मिरचीचा भाव टाकलाय. माझा सुविचार तयार आहे. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं उलटायला अजून दोन बाकी आहेत.